परक्या पाण्यात उतरताना

आपल्या मोरगावकडचा एखादा जाणता माणूस परक्या गावी पाहुणा म्हणून गेला आणि उन्हाळ्याच्या दिवसांत विहिरीवर पोहायला निघाला, तर तो काय करतो, हे तुम्ही कधी पाहिलं आहे का? तो काठावर आल्याबरोबर उडी टाकत नाही. सदरा काढता काढता विहिरीच्या धन्याला विचारतो, "काय मालक, पाणी किती परस हाय?" मालक सांगतो, "पाणी दोन परस हाय, पर उगवतीच्या अंगाला उडी टाकू नका. तिथं कपार फुटलीय, अन् खाली जुन्या थारोळ्याचा दगड पडलाय. मावळतीकडून उतरा, पायऱ्या तिकडंच हायेत."

संवाद झाला अर्ध्या मिनिटाचा. पाहुणा पट्टीचा पोहणारा असेल. लहानपणी पाठीला भोपळा नाही तर रिकामा डबा बांधून तो पोहायला शिकला असेल, पूर आलेल्या नदीतून पलीकडे गेलाही असेल. पण थारोळ्याचा दगड कुठे पडला आहे, हे त्याला त्याचं पोहणं सांगू शकत नाही. ते त्या विहिरीच्या मालकालाच ठाऊक. पोहणं ही अंगातली विद्या आहे. ती तुमच्याबरोबर गावोगाव येते. पाण्याची माहिती मात्र त्या त्या पाण्यापाशीच राहते. आज मला जे सांगायचं आहे, ते एवढंच आहे. फक्त विहिरीच्या जागी आज समुद्र घ्यायचा आहे.

तुम्ही म्हणाल, मोरगाव कुठे आणि समुद्र कुठे? पण आता काळ बदलला आहे. बारामती, इंदापूरकडची तरुण मुलं सुट्टीत मालवणला जातात, तारकर्लीला जातात. शाळा-महाविद्यालयांच्या सहली कोकणात उतरतात. तिथे गेलं, की 'स्कूबा' हा शब्द कानावर येतो. पाठीवर हवेची टाकी बांधायची, तोंडात नळी धरायची, डोळ्यांवर काचेचा मुखवटा चढवायचा आणि पाण्याखाली जाऊन मासे पाहायचे, असा हा प्रकार. आपली मुलं तो हौसेनं करतात, आणि का करू नये? मालवणचा सागरी परिसर १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालेला आहे. त्या पाण्याखाली प्रवाळ आहे, रंगीबेरंगी मासे आहेत. देशावरच्या मुलानं ते एकदा डोळ्यांनी पाहावं, असंच आहे. मात्र जाणाऱ्यानं जाण्यापूर्वी काही गोष्टी नीट समजून घेतल्या पाहिजेत.

पहिल्यांदा या विद्येचा गाभा पाहू. पाण्याला वजन असतं, म्हणून आपण जितकं खोल जावं तितका दाब वाढतो. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब आपल्या अंगावर असतो, तेवढाच आणखी दाब समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटरला वाढत जातो. म्हणजे दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट झाला. आता समजा, त्या खोलीवर टाकीतल्या हवेनं एक फुगा भरला आणि तोंड बांधून वर सोडला. पृष्ठभागी येईपर्यंत तो दुप्पट होतो आणि आधीच गच्च भरला असेल तर फुटतो. माणसाचं फुप्फुस हाही एक फुगाच आहे. म्हणून खाली टाकीची हवा घेतलेल्या माणसानं वर येताना श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. एकसारखा श्वास घेत-सोडत सावकाश वर यायचं. विहिरीत बुडी मारणारा आपला पोरगा श्वास कोंडतो, ते त्याचं बरोबर असतं, कारण त्यानं हवा वरूनच भरून नेलेली असते. स्कूबात तीच सवय जिवावर बेतते. आपल्याकडच्या पोहणाऱ्यांनी हा फरक मनावर कोरून ठेवावा.

दुसरी गोष्ट कानांची. खाली जाताना कानांत दडे बसतात, दुखू लागतं. तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा होतो. दुखायला लागल्यावर नव्हे, दुखण्याच्या आधीपासून थोड्याथोड्या अंतरावर हे करीत जायचं. सर्दी असेल त्या दिवशी बेत रद्द करावा. दम्याचा किंवा हृदयाचा विकार असेल, तर आधी डॉक्टरला विचारावं.

हे सगळं शिकवणारे लोक आहेत. नव्या माणसाला प्रशिक्षक स्वतः हाताला धरून थोड्याच खोलीवर नेतो आणि परत आणतो. ज्याला पुढे शिकायचं आहे, त्याला काही दिवसांचा रीतसर अभ्यासक्रम असतो. तो पुरा केला, की सोबत्याबरोबर सुमारे अठरा मीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळते, दाखला हाती येतो. आणि खरा धोका, मंडळी, इथे सुरू होतो.

तो कसा, ते ऐका. होडीतून जाता तेव्हा जागा तुम्ही निवडत नाही, तांडेल निवडतो. कुठे नांगर टाकायचा, किती वाजता निघायचं, वारा फिरला तर केव्हा परतायचं, हे सारं त्याच्या डोक्यात असतं. तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. पण दाखला हाती आलेला नवखा माणूस जेव्हा म्हणतो, की आता होडी कशाला, आपण किनाऱ्यावरूनच चालत पाण्यात उतरू, तेव्हा तांडेलाचं सगळं काम त्याच्या अंगावर येतं. अंगावर टाकी-बिकी मिळून वीसेक किलोचं ओझं, पायांत वल्ह्यासारखे लांब पंख, समोर फुटणारी लाट आणि खाली काय आहे ते दिसत नाही, अशी त्याची स्थिती असते. दाखला त्याला श्वास कसा घ्यावा ते सांगतो. या किनाऱ्यावर कुठून उतरावं ते सांगत नाही. ते सांगणारा माणूस वाळूत बसून जाळं विणत असतो. त्याच्यापाशी जाऊन दोन शब्द बोलायचे, एवढंच काम असतं, आणि नेमकं तेच राहून जातं.

हा जाळं विणणारा काय काय जाणतो, ते आता पाहू.

पहिली गोष्ट भरती-ओहोटीची. आपल्या भागात चतुर्थी कुणाला सांगावी लागत नाही. मयूरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या माणसाची पंचांगाशी ओळख असतेच. कोकणातला दर्यावर्दी हेच पंचांग भरतीसाठी वापरतो. त्याचा हिशेब असा. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजण्याच्या सुमारास भरती पुरी होते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पुरी होते आणि पुन्हा सहा तासांनी भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज जवळजवळ तितकीच मागे पडते. पाऊणपटीचं मर्म यातच आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पाऊणकीचा पाढा शिकवायला याहून चांगलं उदाहरण मिळायचं नाही. पण हिशेबाबरोबर त्याची मर्यादाही मुलांना सांगा. हा आडाखा ढोबळ आहे. मुंबईला जी वेळ, तीच मालवणला नसते. बंदर बदललं की वेळ मागेपुढे होते, खाडीत आत गेलं की आणखी बदलते. म्हणून छापील कोष्टक पाहावं आणि त्या किनाऱ्याच्या माणसाला विचारावं, "काका, आज भरती किती वाजता?" तो आकाशाकडे न पाहताच सांगेल.

वेळेइतकाच जोरही महत्त्वाचा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत सूर्य-चंद्रांची ओढ एका रेषेत असते, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढउतार कमी, त्याला भांग म्हणतात. उधाणाच्या दिवशी तेवढ्याच सहा तासांत कितीतरी अधिक पाणी ये-जा करतं, म्हणून ओढ जबर असते. नवख्यानं भांगाचे दिवस धरावेत आणि भरती पुरी होऊन पाणी क्षणभर थबकतं त्या सुमारास उतरावं. तेव्हा ओढ कमी असते आणि बाहेरचं स्वच्छ पाणी किनाऱ्याशी आलेलं असल्यामुळे बहुधा दिसतंही बरं.

दुसरी गोष्ट खाडीच्या तोंडाची. तारकर्लीच्या दक्षिणेला देवबाग आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. भरतीच्या वेळी खाडीत शिरलेलं सगळं पाणी ओहोटीला त्याच अरुंद तोंडातून बाहेर पडू पाहतं. आपल्याकडे पाटाच्या मोरीपाशी पाणी कसं खेचतं, ते आठवा. तसंच, पण कित्येक पटींनी मोठं. अशा वेळी तोंडापाशी सापडलेला माणूस कितीही पोहला तरी समुद्राकडे वाहत जातो. शिवाय तिथली वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते. गेल्या वर्षी जिथे कमरेइतकं पाणी होतं, तिथे या वर्षी डोह असेल. म्हणून गेल्या वर्षीची माहिती यंदा चालत नाही. स्थानिक माणसालाही 'यंदा कसं आहे?' असंच विचारावं.

तिसरी गोष्ट फसव्या शांत पाण्याची. ही नीट ऐका, कारण इथे शहाणी माणसंही चुकतात. किनाऱ्यावर उभे राहिलात, की लाटा ओळीनं फुटताना दिसतात. मध्येच एखादा पट्टा असा दिसतो, की तिथे लाट फुटत नाही. पाणी जरा गडद आणि शांत वाटतं. नवख्याला वाटतं, उतरायला हीच जागा चांगली. पण किनाऱ्यावर चढलेलं पाणी समुद्रात परत जाण्याची वाट पुष्कळदा तीच असते. लाटा फुटत नाहीत, कारण तिथे खोली जास्त असते आणि पाणी आत ओढत असतं. अशा ओढीत सापडलात, तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका. दम संपतो आणि माणूस जागचा हलत नाही. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत जा. पट्टा अरुंद असतो. त्यातून बाजूला झालात, की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे आणतात. पण मुळात असा पट्टा कुठे पडतो, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत असतं. विचारलं असतं, तर झगडण्याची वेळ आलीच नसती.

चौथी गोष्ट वाऱ्याची. खारे वारे आणि मतलई वारे आपण भूगोलात शिकलो आहोत. दिवसा जमीन लवकर तापते, म्हणून वारा समुद्राकडून येतो. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. परीक्षेत यावर दोन गुण मिळतात. किनाऱ्यावर यावरच दिवसाचं गणित बसतं. सकाळी समुद्र बहुधा शांत, दुपार टळली की खवळलेला. सकाळी नऊला जिथून सहज उतरलात, तिथून चार वाजता ओझं घेऊन बाहेर पडता येईलच असं नाही. आणि ऋतूचंही तसंच. पावसाळ्यात तिथे उतरायचं नाहीच. १ जून ते ३१ जुलै या काळात तर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीलाही शासनाची बंदी असते. आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच नवा हंगाम धरायचा, ही कोळ्यांची जुनी चाल आहे. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगणारी माणसं ज्या दिवसांत आपली होडी वाळूवर ओढून ठेवतात, त्या दिवसांत आपण उतरायचं धाडस करू नये. मेच्या अखेरीसही समुद्राचा भरवसा नसतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांना प्राण गमवावे लागले.

पाचवी गोष्ट तळाची. मालवणच्या पाण्यात जागोजाग खडक आहेत. शिवाजी महाराजांनी १६६४ साली तिथल्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला, त्याचं एक कारण हे खडकच. पाण्याखाली दडलेल्या खडकांमधून किल्ल्याकडे जाणारी वाट माहीतगारालाच सापडे. शत्रूचं गलबत तिथे फसे. म्हणजे स्थानिक माणसाचं ज्ञान हीच किल्ल्याची बाहेरची तटबंदी होती, असं म्हटलं तरी चालेल. ते खडक आजही तिथेच आहेत. त्यांच्यावर कालवं चिकटलेली असतात. त्यांची धार सुरीसारखी, उघडा पाय पडला की चिरलाच. कुठे काळ्या सुयांनी भरलेला गोळ्यासारखा प्राणी कपारीत बसलेला असतो. वाळूत पाकट मासा अंग पुरून पडलेला असतो. त्याच्यावर पाय पडला, तर तो शेपटीचा काटा मारतो. म्हणून तिथला माणूस उथळ पाण्यातून चालताना पाय उचलून टाकत नाही, वाळूवरून घासत नेतो. पाकटाला चाहूल लागते आणि तो आपणहून निघून जातो. ही युक्ती अभ्यासक्रमाच्या पुस्तकात असेलही, पण ती कोणत्या वाळूत वापरायची, ते किनाराच सांगतो.

सहावी गोष्ट जाळ्यांची. मालवणकडे रापण नावाची मासेमारीची जुनी पद्धत आहे. होडीतून अर्धवर्तुळात लांबच लांब जाळं टाकतात आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून पुष्कळ माणसं मिळून ओढतात. जाळ्याच्या त्या घेरात तुम्ही पाण्याखाली असाल, तर जिवाला धोका तुम्हाला, आणि जाळं फाटलं तर नुकसान त्यांचं. मासा मिळाला तर त्या दिवशी कितीतरी घरांत चूल पेटते. आपल्या हौसेसाठी त्यांच्या पोटावर पाय देणं बरं नव्हे. उतरण्यापूर्वी रापणवाल्यांना सांगावं, "आम्ही दोघं इथून उतरतो आहोत, एका तासात तिकडून निघू." याचे फायदे दोन. ते त्या बाजूला जाळं टाकणार नाहीत, आणि एका तासात तुम्ही वर दिसला नाहीत, तर तुम्हाला शोधणारं कुणीतरी किनाऱ्यावर असेल.

आता विचारायचं कसं, हाही प्रश्न आहे. आपण गाडीतून उतरतो, काळा चष्मा लावतो आणि "ओ, इथं पाणी खोल आहे का?" असं ओरडून विचारतो. उत्तर मिळतं "नाही", आणि तेही खरंच असतं. विचारलं तेवढंच सांगितलं. त्यापेक्षा दोन मिनिटं टेकावं. काका म्हणावं, मामा म्हणावं, पाणी मागून प्यावं. मग विचारावं: उतरायचं कुठून आणि निघायचं कुठून? ओढ कोणत्या बाजूला आहे? वारा केव्हा फिरेल? जाळी कुठे टाकली आहेत? होड्यांची वाट कोणती? तुमचा मुलगा असता, तर त्याला आज इथून उतरू दिलं असतं का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वांत मोलाचं. आणि उत्तर "आज नको" असं आलं, तर वाद घालू नये. आपण दोनशे कोसांवरून आलो, पैसे भरले, सुट्टी संपत आली, हे समुद्राला माहीत नसतं.

मात्र स्थानिक माणूस म्हणेल ते सगळं डोळे मिटून मान्य करावं, असंही मी म्हणत नाही. त्यातही पारख हवी. जो रोज त्या पाण्यात आहे, त्याला काही धोके धोके वाटेनासे होतात. तो म्हणतो, "काही होत नाही हो!" त्याला होत नाही, कारण तो तिथेच वाढला. शिवाय ज्याची कमाई तुमच्या उतरण्यावर अवलंबून आहे, त्याच्या "चला" या शब्दाला जरा कमी वजन द्यावं, आणि ज्याचा त्यात काही लाभ नाही, त्याच्या "नको" या शब्दाला जास्त. एकाला विचारून भागत नाही, दोघा-तिघांना विचारावं. आणि शरीराच्या बाबतीत, म्हणजे श्वास, खोली, वर येण्याचा वेग या बाबतीत, शिकलेलेच नियम पाळावेत. तिथे कुणाच्या अनुभवासाठी सूट घेऊ नये. नियम प्रशिक्षकाचे आणि जागा-वेळ किनाऱ्याची, अशी वाटणी ठेवली म्हणजे चूक होत नाही.

आपल्या देशावरच्या माणसांसाठी आणखी एक गोष्ट आहे, ती किनाऱ्यावरचा माणूस कदाचित सांगणार नाही, कारण त्याला घाट चढून घरी जायचं नसतं. पाण्याखाली दाबाची हवा घेतली, की त्यातला नायट्रोजन वायू रक्तात आणि शरीरात मुरतो. तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता निघण्यापूर्वी माणूस उंचावर गेला, तर दाब कमी झाल्यामुळे सोड्याच्या बाटलीचं बूच उघडल्यासारखे अंगात बुडबुडे धरू शकतात. म्हणून स्कूबानंतर बराच काळ विमानात बसत नाहीत. आपल्याला विमान नसलं, तरी घाट आहे. थोड्या खोलीवर थोडाच वेळ गेला असाल, तर धोका कमी. पण खोल किंवा अनेकदा उतरला असाल, तर त्याच संध्याकाळी घाट चढून परतीला लागू नका. प्रशिक्षकाला स्पष्ट सांगा, "आम्हाला घाट चढून जायचं आहे, किती तास थांबू?" रात्रभर मुक्काम केल्यानं फारसं काही बिघडत नाही.

श्रोतेहो, हे सारं ऐकून कुणी म्हणेल, की समुद्राकडे न गेलेलंच बरं. तसं नाही. पाणी न पाहिलेल्या माणसालाच पाण्याचा अधिक धोका. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली १४ मुलं मुरूडच्या समुद्रात बुडाली. त्या दिवसाची आठवण झाली, की आजही शिक्षकांच्या काळजात धस्स होतं. सहल नेणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं किनाऱ्यावर बस थांबली, की मुलांना खाली उतरवण्याआधी स्वतः उतरून तिथल्या माणसाशी बोलावं. पाच मिनिटं बस थांबेल, मुलं कुरकुरतील. कुरकुरू द्यावीत.

आणि हे शिकायला मालवणलाच जायला हवं, असंही नाही. आपल्याच तालुक्यांत किती पाणी आहे, पाहा. कऱ्हेच्या पात्रात वाळू उपसल्यानं खड्डे पडतात आणि पाणी आलं की ते झाकले जातात. वरून सारखंच दिसणारं पाणी एका पावलावर गुडघ्याएवढं आणि दुसऱ्या पावलावर डोक्यावर. नीरा डाव्या कालव्याला आवर्तन केव्हा सुटणार, ते पाटकऱ्याला माहीत असतं. पाण्यानं गुळगुळीत झालेल्या कडेवरून आत गेलेल्या माणसाला बाहेर यायला धर मिळत नाही, हेही त्याला माहीत असतं. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत विषारी वायू साठलेला असतो. गाळ काढायला उतरण्यापूर्वी जाणता माणूस पेटता कंदील दोरानं खाली सोडून पाहतो, आणि तो विझला तर कुणाला उतरू देत नाही. कंदील विझला नाही, तरी कमरेला दोर आणि वर दोन माणसं हवीतच.

इंदापूरच्या अंगाला उजनीचं पाणी पसरलं आहे. १९८० साली ते धरण पुरं झालं आणि भीमाकाठची जुनी गावं पाण्याखाली गेली. पाणी फार ओसरलं, की पळसदेवचं जुनं देऊळ वर दिसू लागतं. त्याच्या भोवतीच्या जुन्या भिंती, आड, बाभळी कुठे आहेत, हे जुन्या गावठाणात वाढलेल्या म्हाताऱ्यांनाच ठाऊक. आणि वळवाच्या दिवसांत त्या पाण्यावर वारं कसं उठतं, ते तिथल्या मच्छीमारांना. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा माणसं दगावली. समुद्र नव्हता तो, आपलंच पाणी होतं.

म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी मुलांकडून आपल्या गावाच्या पाणवठ्यांचा नकाशा करून घ्या. विहिरी, डोह, पाट, मोऱ्या, बंधारे सगळं त्यात येऊ द्या. प्रत्येक जागेविषयी मुलांनी आजोबांना, आजीला, पाटकऱ्याला, मच्छीमाराला विचारावं: उतरायचं कुठून, निघायचं कुठून, धोका कशाचा? नकाशावर तारीख घाला, कारण दर पुरानंतर पाण्याचा तळ बदलतो आणि नकाशा जुना होतो. एक प्रत चावडीवर लावा. सुट्टीत मुंबई-पुण्याची भाचरं मामाच्या गावी येतात. पोहायचा तलाव त्यांनी पाहिलेला असतो, विहीर पाहिलेली नसते. तो नकाशा त्यांच्यासाठीही आहे.

ज्या मुलाला आपल्या विहिरीविषयी विचारायची सवय लागली, तो उद्या मालवणच्या किनाऱ्यावर उभा राहिला, तरी पाठीवरची टाकी खाली ठेवून आधी जाळं विणणाऱ्या काकांपाशी जाईल. "काका, पाणी कसं आहे आज?" एवढं त्यानं विचारलं, की आपलं शिकवणं सार्थकी लागलं. पुढचं काका सांगतीलच.